'देव नाही' म्हणण्याआधी या चुका टाळा

आमच्या मंडळीच्या तरुण संघात मी बरीच वर्षं बायबल क्लास घेतोय आणि दरवर्षी नवीन पोरं त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, बायबलमधल्या स्तोत्र १४ चं पहिलंच वचन घाईत वाचणं. "मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही." आपली पोरं हे नास्तिक मित्राला व्हॉट्सॲपवर टाकतात, म्हणजे बघ तू बिनडोक आहेस. अरे थांबा की जरा! मूळ हिब्रूत तिथं 'नाबाल' शब्द आहे आणि त्याच नावाचा माणूस १ शमुवेल २५ मध्ये भेटतो, ३००० मेंढरं, १००० शेळ्या, चांगला गबर. दाविदाच्या माणसांनी त्याची मेंढरं राखली आणि यानं त्यांना भाकरी-पाणीसुद्धा दिलं नाही. डोकं होतं त्याला, पण आपल्याला कुणापुढं तरी उभं राहायचंय हेच तो विसरला. आणि वचनात 'मनात म्हणतो' असं आहे, तोंडानं नाही.

मला हे कळलं कारखान्यात. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे चार लूम, म्हणजे माग होते. मंदीत एक व्यापारी म्हणाला वजन कमी करा, लेबल तेच राहू द्या, आणि मी केलं. रविवारी उपासनेत पुढं उभा राहून प्रार्थना चालवायची आणि सोमवारी तेच खोटं लेबल चिकटवायचं, असं चार महिने चाललं. मग आमच्या एका जुन्या कामगारानं, जो कधी चर्चची पायरी चढला नाही, काट्यावर टॉवेल ठेवला आणि विचारलं, "मालक, तुम्ही प्रार्थना करता ना? मग हे काय?" मला उत्तर देता आलं नाही. गोडाऊनमधला माल योग्य लेबल लावून पडेल भावात काढला, व्यापारी तुटला तो तुटलाच. तीताला पत्र १:१६ मध्ये हेच लिहिलंय, देवाला ओळखतो म्हणायचं आणि कृतीनं नाकारायचं. तेव्हापासून माल निघायच्या आधी एक टॉवेल मी स्वतःच्या हातानं काट्यावर ठेवतो. तुमच्या धंद्यात, नोकरीत असा काटा कुठला, तो तुम्ही शोधा.

दुसरी चूक, दिसत नाही म्हणून नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. चादर उसवून एकेक धागा तपासला तरी डिझाइन करणारा माणूस धाग्यात सापडणार नाही, पण नक्षी आपोआप पडली असं इथलं शेंबडं पोरसुद्धा म्हणणार नाही. रोमकरांस १:२० वाचा, निर्मितीकडं बघून निर्माता कळतो हाच ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा मुद्दा आहे.

प्रार्थना ऐकली नाही म्हणून देवच नाही? स्तोत्र १३ उघडा, दोन वचनांत चार वेळा 'कुठवर' विचारलंय. रागवायचं तर त्याच्यावर रागवा, तोंड फिरवू नका.

'उत्क्रांतीवाल्या डार्विननं मरताना पश्चात्ताप केला' हा मेसेज कृपा करून पाठवू नका. तो गेला १८८२ ला, गोष्ट छापली १९१५ ला, आणि त्याच्या मुलांनीच ती खोटी ठरवली. खोटं पसरवून खऱ्या देवाची साक्ष देता येत नाही.

आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून आयुष्यभराचा निकाल लावणाऱ्यांनो, मार्कचं शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. तेवढाही धीर नसेल तर तुम्ही देवाला नाकारलंय कुठं, भेटलाच नाहीत त्याला.

शेवटची चूक, एकदा नाकारलं म्हणजे संपलं असं धरून चालणं. सात रस्त्याजवळ चहा पिताना एक मुलगा मला म्हणाला, मी सगळ्यांसमोर देव नाही म्हणून बसलोय, आता कुठल्या तोंडानं येऊ. योहान १८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत येशूला तीन वेळा नाकारतो. योहान २१ मध्ये सरोवराकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे, त्यावर मासळी, सोबत भाकर, आणि येशू त्याला आधी खाऊ घालतो, मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? मी दोन्ही अध्याय तिथंच मोबाईलवर वाचून दाखवले. चहा गार झाला, पण तो उठला नाही, म्हणाला, परत एकदा वाचा.