लहान संग्रहालयांसाठी प्रशिक्षण कार्यशाळा घेताना या चुका टाळा

तालुक्याच्या वाचनालयातली एक खोली, शाळेच्या जुन्या इमारतीतले दालन, देवस्थानाची शस्त्रे, एखाद्या घराण्याने गावाच्या स्वाधीन केलेली दप्तरे. महाराष्ट्रातल्या असल्या बहुतेक संग्रहांना पगारी अभिरक्षक नसतो. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल आणि एखाद-दोन तरुण ते सांभाळतात. त्यांच्यासाठी कार्यशाळा होते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि पुढच्या वर्षी पाहावे तर नोंदवही होती तिथेच असते. दोष शिकणाऱ्यांचा क्वचितच असतो. कार्यशाळेची आखणीच चुकलेली असते.

किल्ली ज्याच्याकडे, तोच गैरहजर

निमंत्रण अध्यक्षांच्या नावे जाते, म्हणून अध्यक्ष येतात. कपाट उघडणारा, धूळ झटकणारा माणूस गावातच राहतो. निमंत्रणात स्पष्ट लिहावे: प्रत्येक संस्थेतून दोघे, त्यांतला एक रोज वस्तू हाताळणारा. एकूण १६ जण, चार टेबले, टेबलावर चौघे. ४० जण बोलावले की प्रात्यक्षिक मागच्या रांगेला दिसतही नाही.

तीन आठवडे आधी प्रत्येक संस्थेकडून तीन गोष्टी मागवाव्यात: वस्तूंची अंदाजे संख्या व प्रकार, साठवणीच्या खोलीचे चार कोपऱ्यांतून काढलेले फोटो आणि नोंदवहीच्या एका पानाचा फोटो. नोंदवही नसेल तर तसे कळवावे. हे फोटो समोर ठेवून कार्यक्रम ठरवला तर अर्धी निरुपयोगी व्याख्याने आपोआप गळतात.

थंड देशांतले आकडे

पडद्यावर आकडे येतात: २० अंश तापमान, ५० टक्के आर्द्रता. रत्नागिरीत जुलैमध्ये हवा आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर असते. ऐकणारा मनाशी ठरवतो की हे आपल्याला जमणारे नाही आणि जे जमण्यासारखे आहे तेही सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे दिवसा एसी लावून रात्री बंद करणे. रोजच्या चढउताराने लाकूड तडकते, रंगाचे पापुद्रे सुटतात.

शिकवायला हवे ते इतकेच. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते आणि साचलेल्या हवेत ती लवकर पसरते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, मध्ये किमान १० सेंटीमीटर जागा सोडावी. खालचा खण जमिनीपासून तेवढाच वर असावा. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. कागद आणि कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड नको.

आर्द्रतामापक वाटायचे असतील तर ते तपासायलाही शिकवा, स्वस्त मापकांत फरक असतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत ८ ते १२ तास बंद ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवे. ६९ दाखवत असेल तर मागे चिठ्ठी लावा: ‘६ मिळवा’. पहिल्या दिवशी संध्याकाळी पिशव्या बंद केल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक जण आपला मापक वाचतो.

चिंच, लिंबू आणि तेल

सगळ्यात जास्त नुकसान उत्साहाने केलेल्या साफसफाईत होते, आणि कार्यशाळेत नेमका हाच भाग एका वाक्यात उरकतात: ‘रसायने वापरू नका.’ चिंच किंवा भांडी घासायची पावडर कोणालाच रसायन वाटत नाही.

तांब्याचे नाणे चिंचेने घासले की चकाकते, पण चिंचेतल्या आम्लाने वरचा थर निघतो आणि अक्षरांचा उरलासुरला उठावही त्या थराबरोबर जातो. झिजलेल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’मधली एखादी रेघच शिल्लक असते आणि नाणे त्या रेघेवरूनच ओळखता येते. ताम्रपटाचेही तसेच. खाचेत बसलेला गडद हिरवा थर स्थिर असेल तर त्याला हात लावू नये, आणि तांब्याचे पत्रे वेगळे करायला ते ओवलेली कडी कापणे तर मुळीच नको. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी झाडल्यावर पुन्हा येत असेल तर तो कांस्यरोग आहे. ती वस्तू वेगळी काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि संवर्धकाला दाखवावी.

हे सांगण्यापेक्षा दाखवावे. जुन्या बाजारातून तांब्याचे एक मोडके, नक्षीचे भांडे आणा. अर्धा भाग चिंचेने घासा, अर्धा मऊ कोरड्या ब्रशने झटका आणि दहापट भिंगातून दोन्ही पाहायला द्या. नक्षीच्या कडा गोलसर झालेल्या एकदा दिसल्या की पुन्हा सांगावे लागत नाही. सरावासाठी संग्रहातली खरी वस्तू मात्र कधीही घेऊ नये.

शस्त्रांवर खोबरेल किंवा मोहरीचे तेल लावण्याची चाल आहे. ते काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते आणि खाली गंज चालूच राहतो. सुटा गंज मऊ ब्रशने काढून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. धातू हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, घाम सुती मोज्यातून झिरपतो. खंडेनवमीच्या पूजेला विरोध करून काही साधत नाही. शस्त्र पाटावर ठेवून हळद-कुंकू पाटाला वाहावे, असे सुचवले की देवस्थानाची माणसे सहज मान्य करतात. ओले कुंकू लोखंडाच्या खाचांत ओल धरून ठेवते, एवढे कारण पुरते.

गावातले वीरगळ आणि सतीशिळाही याच सत्रात घ्याव्यात. ऑइलपेंट दिला की दगडातली ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि रंगाबरोबर कोरीव कामाचे पापुद्रे निघतात. चांगल्या हेतूने केलेल्या या रंगकामाने किती शिल्पांचे चेहरे गेले, हे पाहताना जीव तुटतो.

क्रमांक घालण्याची घाई

पर्मनंट मार्कर, नेलपॉलिश, सेलोटेप. वस्तूवर नोंदीचा क्रमांक घालायला तिन्ही सर्रास वापरले जातात आणि तिन्ही चूक. मार्करची शाई सच्छिद्र वस्तूत मुरते, नेलपॉलिश पिवळे पडून सुटते, टेपचा डिंक कायमचा डाग सोडतो.

त्यांऐवजी पॅरालॉइड बी-७२ वापरावे, ही पुन्हा काढता येणारी पारदर्शक राळ आहे. तिचे दाणे २० ग्रॅम, ॲसिटोन १०० मिलिलिटर. दाणे तळाशी टाकले तर त्यांचा गोळा होतो. म्हणून ते मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत अधांतरी टांगावेत, झाकण घट्ट लावावे. रात्रभरात विरघळतात. हे काम आदल्या दिवशीच करावे आणि खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास ज्योत नसताना करावे. वस्तूच्या सहसा न दिसणाऱ्या जागी बोटाच्या नखाएवढा पातळ थर द्यावा, १५ मिनिटे वाळू द्यावा, पिगमेंट शाईने क्रमांक लिहावा आणि वाळल्यावर वरून आणखी एक थर एकाच फटक्यात द्यावा. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की शाई पसरते. दमट दिवशी थर पांढुरका पडतो, कारण ॲसिटोन झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. कोरड्या दिवसाची वाट पाहावी. प्लास्टिक, रंगवलेले लाकूड, कापड आणि कागद यांवर ही पद्धत चालत नाही. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन टाक्यांनी अडकवावी, कागदाला मऊ पेन्सिल.

एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट म्हणजे अंक. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा वाचला जातो. वहीत एक लिपी आणि वस्तूवर दुसरी असली की वर्षभरात घोळ होतो. पहिल्याच तासाला एक लिपी ठरवून टाका.

रुमाल सोडताना

दप्तराचा रुमाल, म्हणजे कागद बांधलेले फडके, सोडला की पहिला मोह होतो तो कागद तारखेप्रमाणे लावण्याचा. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून घरोघरची दप्तरे अभ्यासकांपुढे येत राहिली. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, हाही त्या दप्तरांतला पुरावाच असतो. आधी बांधलेल्या रुमालाचा फोटो, मग रुमालाला क्रमांक, मग आतल्या पुडक्यांना, मग कागदांना. डिंकाने जोडलेल्या लांब मोडी कागदाचे जोड सुटले असतील तर तुकड्यांना त्याच क्रमांकाखाली अ, आ, इ द्यावे. लॅमिनेशन कदापि नको. टाचण्या आणि स्टेपल गंजण्याआधी काढाव्यात.

कसर लागलेला कागद गोठवायला शिकवत असाल तर पूर्ण शिकवा. पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांत एक आठवडा, घरगुती फ्रीझर असेल तर दोन आठवडे. वीज गेली तर मोजणी पहिल्यापासून. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नये, नाहीतर कागदावर पाणी धरते. काचेवरची छायाचित्रे आणि रंगचित्रे गोठवू नयेत.

कायदा आणि दानपत्र

१९७२च्या पुरावस्तू कायद्यातली कलमे वाचून दाखवू नका. १०० वर्षांपूर्वीची वस्तू आणि ७५ वर्षांपूर्वीचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तूत मोडते, अधिसूचित प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे आणि जमिनीत सापडलेल्या ऐवजाची खबर १८७८च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, एवढे पुरे. उरलेला वेळ दानपत्राला द्या. वस्तू ‘दिली’ की ‘ठेवायला दिली’, हे सहीनिशी लिहिलेले नसेल तर पुढची पिढी ती परत मागायला येते.

कार्यशाळेनंतर

जाताना प्रत्येक संस्थेच्या हाती साहित्याची पेटी असावी: तपासलेला मापक, तयार पॅरालॉइडची ५० मिलिलिटरची काचेची बाटली, शाई, दोन मऊ ब्रश, सुती फीत, पेन्सिली, भिंग, हातमोजे. तालुक्याला यातले बरेच मिळत नाही आणि मागवायचे राहून जाते. प्रमाणपत्र त्या दिवशी देऊ नये. सहा आठवड्यांनी नोंदवहीच्या दहा पूर्ण नोंदींचा आणि क्रमांक घातलेल्या त्या दहा वस्तूंचा फोटो आला की पाठवावे. तोवर दर पंधरा दिवसांनी एक फोन करावा, आणि तो अध्यक्षांना नको, किल्लीवाल्याला.