‘द ग्रीन नाईट’वर मत द्यायच्या आधी तो हिरवा पट्टा कुठे गेला ते बघा

‘द ग्रीन नाईट’बद्दल (नाईट म्हणजे रात्र नव्हे, राजाच्या दरबारातला मानाचा योद्धा) भांडणारे लोक एकच पिक्चर बघून आलेत असं वाटतच नाही. एकाला तो मास्टरपीस वाटतो, दुसरा म्हणतो दोन तास दहा मिनिटं अंधारात एक माणूस घोड्यावरून चाललाय आणि शेवटी काय झालं तेही दाखवत नाहीत, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. म्हणून म्हटलं की हा पिक्चर बघायचा कसा, त्यावरची मतं वाचायची कशी आणि स्वतःचं मत द्यायचं कसं हे एकदा सविस्तर लिहून टाकू. स्पॉयलर भरपूर आहेत, शेवटासकट सगळं सांगणार आहे. पण खरं सांगू का, या पिक्चरमध्ये गोष्ट आधी माहीत असेल तर मजा कमी होत नाही, उलट वाढते.

आधी बेसिक माहिती. पिक्चर २०२१ चा, दिग्दर्शक डेव्हिड लाउरी, हिरो आपला देव पटेल. खरं तर २०२० मध्येच यायचा होता पण कोरोनामुळे लटकला आणि मधल्या वेळात लाउरीने एडिट परत उघडून बदल केले. शूटिंग आयर्लंडमधलं आहे, ते धुकं आणि ओली हिरवळ उगाच आलेली नाही. गोष्ट आहे चौदाव्या शतकाच्या शेवटीशेवटी लिहिलेल्या एका इंग्रजी कवितेतली, २५३० ओळींची. कवी कोण ते आजपर्यंत कुणालाच ठाऊक नाही. तिची जुनी हस्तलिखित प्रत जगात एकच, ती ज्या संग्रहात होती त्याला १७३१ साली आग लागली, त्यातूनही ती वाचली आणि आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ती जळली असती तर हा पिक्चरही नाही आणि ही भांडणंही नाहीत.

आता पहिली गोष्ट, रेटिंग बघून ठरवू नका, निदान नुसता आकडा बघून तरी नाहीच. रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटवर समीक्षकांचा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास आणि प्रेक्षकांचा जेमतेम निम्म्यावर, आणि हे बघून लोक लगेच म्हणतात की समीक्षक शिष्ट असतात त्यांना न कळणारंच आवडतं. पण तिथला टक्का म्हणजे सरासरी मार्क नव्हेत, किती जणांनी ‘ठीक किंवा त्याहून बरं’ म्हटलं एवढंच ते सांगतं. म्हणजे शंभर जणांनी नुसतं ‘बरा आहे’ म्हटलं तरी टक्का शंभरच. अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून एक प्रकार आहे, ते लोक ओपनिंगला थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना ग्रेड द्यायला लावतात, तिथे याला सी प्लस मिळाला. ऐकायला वाईट वाटतं. पण पहिल्या रात्री येणारा माणूस ट्रेलर बघून आलेला असतो आणि ट्रेलरमध्ये तलवार, कुऱ्हाड, राक्षस, जळणारं डोकं असं सगळं होतं, त्यामुळे तो सी प्लस पिक्चरला कमी आणि ‘मला वाटलं होतं ते मिळालं नाही’ याला जास्त आहे असं माझं मत. लढाई बघायला जाणार असाल तर सरळ जाऊच नका, इथे लढाई अशी नाहीच.

मग बघायचं काय? एकच वस्तू धरून ठेवा, हिरवा पट्टा.

कवितेत काय होतं ते आधी थोडक्यात. ब्रिटनच्या दंतकथांमधला राजा आर्थर, त्याच्या दरबारात नववर्षाची मेजवानी चालू असताना एक हिरवाकंच अंगाचा धिप्पाड स्वार घोड्यासकट आत येतो, एका हातात हॉली या सदाहरित झाडाची डहाळी आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड. म्हणतो मला एक घाव घाला, वर्षभराने तोच घाव मी परत करणार. राजाचा भाचा गवेन उठतो, त्याचं मुंडकं उडवतो, आणि तो बाबा खाली वाकून स्वतःचं मुंडकं उचलतो, वर्षाने हिरव्या चॅपलमध्ये (म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात) ये बरं का म्हणतो आणि निघून जातो. आपल्याकडे चिलया बाळाची गोष्ट ऐकत वाढलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल, दारात आलेला पाहुणा भलतंच मागतो आणि खरं तर तो परीक्षा घ्यायला आलेला असतो.

वर्ष संपत आलं की गवेन निघतो, वाटेत एका किल्ल्यात मुक्काम करतो. तिथला मालक एक सौदा करतो, मी दिवसभर शिकारीत जे मिळवीन ते तुझं, तू घरी बसून जे मिळवशील ते माझं. तीन दिवस मालक हरीण, रानडुक्कर, कोल्हा मारून आणतो आणि तीन दिवस त्याची बायको गवेनच्या खोलीत येऊन त्याला घोळात घ्यायला बघते. मिळालेले मुके गवेन इमानदारीत मालकाला परत देतो (हो, खरंच देतो), पण तिसऱ्या दिवशी ती त्याला एक हिरवा पट्टा देते, हा बांधला की कुणी मारू शकत नाही म्हणते, आणि तो मात्र गवेन लपवून ठेवतो. मग हिरव्या चॅपलमध्ये तीन घाव. पहिले दोन नुसते हुलकावणी आणि तिसऱ्याला मानेवर एक चीर, त्या लपवलेल्या पट्ट्याची शिक्षा. हिरवा स्वार म्हणजे तो किल्ल्याचा मालकच निघतो. गवेन लाजेने काळवंडून घरी येतो तर दरबार हसतो आणि सगळे कौतुकाने तसाच हिरवा पट्टा घालायला लागतात.

हे डोक्यात ठेवून पिक्चर बघा म्हणजे लाउरीने नेमकं कुठे बोट ठेवलंय ते कळतं. कवितेतला गवेन नावाजलेला योद्धा आहे, पिक्चरमधला गवेन नाईट झालेलाच नाही, ख्रिसमसच्या सकाळी वेश्यागृहात उठतो, राजा म्हणतो स्वतःबद्दल एखादी गोष्ट सांग तर सांगायला त्याच्याकडे काहीच नाही. आणि पट्टा त्याला पहिल्यांदा किल्ल्यातल्या बाईने नाही, आईने दिलाय. आईचं काम केलंय सरिता चौधरीने. तिची जादू चाललेली असते तेव्हाच इकडे हिरवा स्वार दरबारात येतो, म्हणजे पोराला मोठं करायला तिनेच हे संकट धाडलं आणि संकटातून वाचायची सोयपण तिनेच करून दिली. एवढी काळजी करणारी आई आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. काही प्रेक्षक म्हणतात आर्थरच्या गोष्टीत भारतीय चेहरे कशाला, पण कवितेत या सगळ्यामागे मॉर्गन ल फे ही जादूगारीण आहे, ती गवेनची मावशी. पिक्चरने तिला आणि आईला एक करून टाकलंय, आई ब्राऊन म्हणून पोरगा ब्राऊन, विषय संपला. राजाला पिक्चरभर कुणी आर्थर म्हणत नाही हेपण बघा, नुसता राजा.

आता स्लो आहे या तक्रारीचं. स्लो आहेच, त्यात वाद घालू नका. पण स्लो कुठे आहे ते बघा. अर्ध्याच्या आधी एक सीन आहे, रणांगणावर भेटलेला एक पोरगा गवेनला वाट सांगतो, बदल्यात काहीतरी द्या म्हणतो, गवेन अगदी नाइलाजाने एक नाणं टाकतो. पुढे तोच पोरगा साथीदारांना घेऊन त्याला लुटतो, घोडा गेला, कुऱ्हाड गेली, पट्टा गेला, आणि हातपाय बांधून याला जंगलात टाकून जातात. इथे कॅमेरा हळूहळू गोल फिरायला लागतो, झाडं, झाडं, अजून झाडं, तुम्हाला मोबाईल बघावासा वाटणार, बघू नका, कारण फिरून परत येतो तेव्हा तिथे बांधलेला सांगाडा आहे. म्हणजे हा इथेच पडून राहिला तर काय होईल ते. मग कॅमेरा उलटा फिरतो आणि गवेन जिवंत, धडपडत तलवारीपर्यंत सरपटत जातो आणि दोरी कापताना हात कापून घेतो.

हा सीन ज्याने नीट बघितला त्याला शेवट कळतो, ज्याने त्या वेळात मेसेजला रिप्लाय दिला तो शेवटी ‘हे काय होतं’ म्हणतो. कारण शेवटी लाउरी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर करतो. चॅपलमध्ये मान पुढे करायच्या वेळी गवेन पळतो, घरी येतो, नाईट होतो, राजा होतो, प्रेयसी एसेलचं मूल तिच्याकडून काढून घेऊन पैसे ठेवून निघून येतो, खानदानी बायको करतो, मुलगा लढाईत मरतो, शत्रू दारात येतो, सगळे सोडून जातात, आणि मग तो अंगावरचा पट्टा (लुटला गेलेला तोच, किल्ल्यातल्या बाईने परत दिलेला) ओढून काढतो तर डोकं धडावरून गळून पडतं. बराच वेळ कुणी धड बोलतसुद्धा नाही. आणि मग कट, आपण परत चॅपलमध्ये, हे सगळं त्याने मनात बघितलं होतं. सांगाडा दाखवून परत मागे आले होते तसंच. यानंतर तो थांब म्हणतो, पट्टा सोडून बाजूला टाकतो आणि आता तयार आहे म्हणतो.

इथे कविता आणि पिक्चर वेगळे होतात आणि माझ्या मते सगळ्या मतभेदांचं मूळ इथे आहे. कवितेतला गवेन पट्टा बांधूनच घाव घेतो, वाचतो आणि आयुष्यभर ती लाज मिरवतो. पिक्चरमधला पट्टा काढतो, आणि मग तो वाचला की मेला हे सांगायच्या आत पिक्चर संपतो. मूळ गोष्टीची वाट लावली म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो, कारण कवितेतला तो दरबाराचा हसरा शेवट फार सुंदर आहे, माणूस चुकला तरी लोक त्याला सामावून घेतात, आणि ते इथे पूर्ण गेलंय. हे मलापण खटकतं. पण पट्टा काढला हे ज्यांनी नोंदवलंच नाही आणि ‘एंडिंग बकवास’ लिहिलं त्यांचं मत वाचून पुढे जा. आमच्या ग्रुपवर भांडण झालं तेव्हा मी प्रत्येकाला एकच विचारलं, शेवटी पट्टा कुठे होता? अर्ध्या लोकांना ‘कुठला पट्टा’ हाच प्रश्न पडला होता.

बघताना काही साध्या गोष्टी. दिवसा हॉलमध्ये पडदे उघडे ठेवून बघू नका, पिक्चर खरंच काळोखा आहे, टीव्हीत स्वतःचंच तोंड दिसत राहील. सबटायटल चालू ठेवा, लोक पुटपुटतात आणि राजा तर कुजबुजतोच. आईवडिलांसोबत किंवा पोरांना घेऊन बघायचा बेत असेल तर रद्द करा, किल्ल्यातल्या बाईने पट्टा परत दिला तो सीन चालू असताना कुठे बघावं कळणार नाही. विनिफ्रेड नावाची मुलगी तळ्यातून माझं डोकं काढून दे म्हणते तिथे गोंधळू नका, ती वेल्सच्या दंतकथेतली संत आहे, कवितेत ती नाही पण गवेनचा रस्ता त्याच उत्तर वेल्समधून जातो. हा येडा तिलासुद्धा बदल्यात काय देणार विचारतो, आणि असं कसं विचारवतं तुला म्हणून तीच त्याला झापते. नाणं टाकणारा गवेन आठवतो ना, तोच. राक्षसिणींचा सीन खरा की मशरूम खाल्ल्याचा परिणाम यावर भांडायला हरकत नाही, पण त्यावरून पिक्चर चांगला-वाईट ठरत नाही.

मत लिहायचं झालं तर ‘कळला नाही’ लिहायला लाजू नका, फक्त कुठून कळेनासा झाला ते लिहा. जंगलात लुटल्यावर की किल्ल्यात की शेवटी? तेवढ्यावरून वाचणाऱ्याला समजतं की आपलं आणि तुमचं जमेल का. ‘व्हिज्युअली स्टनिंग’ हे सगळेच लिहितात, त्याऐवजी एखादी फ्रेम सांगा. आणि तुलना मोठमोठ्या फँटसी सिरीयलींशी करू नका, तिथे कोण गादीवर बसणार यासाठी बघतो, इथे गादी मिळाली तरी माणूस लायक झाला का हा प्रश्न आहे.

आणि एक राहिलं, नावं वर जायला लागली की बंद करू नका. अगदी शेवटी एक छोटी मुलगी येते, जमिनीवर पडलेला मुकुट उचलते आणि डोक्यावर घालते. काही लोक म्हणतात ती गवेनची मुलगी, म्हणजे तो जिवंत घरी आला. काही म्हणतात तो गेला आणि मुकुट पुढच्या माणसाकडे गेला. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण त्या मनातल्या आयुष्यात वारस म्हणून मुलगाच दाखवलाय आणि तो मरतो, मग मुकुट घालणारी ही मुलगी त्या आयुष्याला उत्तर म्हणूनच ठेवली असणार. तुमचं उलटं असेल तर लिहा, पण ती मुलगी बघून मग लिहा.