बाल्कनीतलं ओल्या कचऱ्याचं खत: आधी पाला, मग बादली

हौसेनं सुरू केलेलं घरचं खत बऱ्याच घरांत जुलैत बंद पडतं. पाऊस लागतो, बादलीत चिखल होतो, वास सुटतो, अळ्या दिसतात, शेजारी कुरकुरतात आणि बादली गच्चीवर जाऊन पडते. यात कचऱ्याचा दोष नसतो. बादलीत कोरडा पाला कमी पडलेला असतो. म्हणून बादली विकत घेण्याआधी पाल्याची बेगमी करा.

यामागचं कारण साधं आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे 25 ते 30 भाग लागतात. देठं, साली, उष्टं-खरकटं यांत पाणी आणि नायट्रोजन जास्त, कार्बन कमी. ती उणीव पाला भरून काढतो, जास्तीचं पाणी शोषतो आणि मधे हवेला वाट ठेवतो. हवा मिळाली नाही की दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू कामाला लागतात आणि दुर्गंधी व मिथेन तयार होतो. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत शहराचा मिसळलेला कचरा असाच हवेवाचून सडत राहिला आणि तिथल्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षं तो त्रास सोसला. आपल्या घरचा ओला कचरा घरातच जिरवावा, याला एवढं कारण पुरेसं आहे.

पाला कुठून आणि किती

पुण्यात पानगळीचा जोर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. पावसाळ्याची सोय तेव्हाच करायची, कारण जूननंतर मिळणारा पाला भिजलेला असतो. सोसायटीच्या माळ्याला किंवा रस्ता झाडणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवलं, तर पोती भरून मिळतात आणि तेवढा पाला जाळला जायचा वाचतो.

रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांची, गुलमोहराची आणि चिंचेची बारीक पानं सगळ्यात चांगली, ती चुरायचीही गरज नाही. पिंपळ, बदाम, कडुनिंबही चालतात. आंबा, फणस, अशोक यांची पानं चिवट. ती चुरल्याशिवाय टाकलीत तर तीन महिन्यांनीही तशीच हाताला लागतात. निलगिरी आणि सुरू टाळा. चुरायची सोपी युक्ती: पाला उन्हात दोन दिवस कडक वाळवा, पोत्यात अर्धा भरा, तोंड बांधा आणि पोतं पायानं तुडवा. धूळ फार उडते, नाकाला रुमाल बांधा.

चौघांच्या घरात दिवसाला पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला रोज साधारण दोन लिटर चुरलेला पाला लागतो. म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तांदळाची 50 किलोची चार पोती दाबून भरून ठेवा. पाला कमी पडलाच तर टिंबर मार्केटमधल्या वखारीतून लाकडाचा भुसा आणा. मात्र तो साध्या लाकडाचाच हवा. प्लायवुडच्या भुशात डिंकाची रसायनं असतात.

बादली तयार करणं

रंगाचे 20 लिटरचे तीन रिकामे, स्वच्छ धुतलेले डबे झाकणासह घ्या. मातीची भांडी हवी असतील तर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात. ती जास्तीची ओल स्वतः शोषतात, पण जड असतात.

डब्याच्या बाजूंना दर 10 सेंटिमीटरवर 8 मिलिमीटरची भोकं ड्रिलनं पाडा, तळाला पाच-सहा. आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा. डबा दोन विटांवर ठेवा आणि खाली ताट सरकवा. जागा सावलीची हवी, पावसाची झड येणार नाही अशी.

तळाला 10 सेंटिमीटर नारळाच्या शेंड्या किंवा जाड काड्या, त्यावर चार बोटं पाला, त्यावर विरजण म्हणून एक लिटर जुनं खत किंवा शेणखत. दोन्ही नसेल तर वाटीभर आंबट ताक पाण्यात घालून पाल्यावर शिंपडा. बाजारात मिळणाऱ्या कुजवणाऱ्या जिवाणूंच्या कल्चरवाचूनही काम होतं.

रोजची दहा मिनिटं

कचरा चाळणीत निथळू द्या आणि दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. कोबीचा दांडा, कणसाची बुरकुंडं, केळीचं साल अख्खं टाकू नका. एक वाटी कचऱ्याला एक ते दीड वाटी पाला, पावसाळ्यात दोन. नीट कालवा आणि वरून कचरा दिसणार नाही इतका पाला पसरा. शेवटचं हे आवरण चुकवलं की चिलटं होतातच. दर तीन-चार दिवसांनी खुरप्यानं तळापर्यंत वरखाली करा.

चहाचा चोथा धुऊन टाका, साखर-दुधाला मुंग्या येतात. अंड्याची टरफलं कुस्करून. निर्माल्यातला दोरा काढून. लोणचं, तेलकट रस्सा, हाडं, नारळाची करवंटी आणि आंब्याच्या कोयी नकोत. लिंबाच्या साली थोड्या चालतात, सरबताच्या दिवसांतला ढीग एकदम टाकू नका.

ओल ओळखायची ती मुठीत. मूठभर माल घट्ट दाबा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाला घाला आणि ढवळा. भुगा होऊन सुटला तर हातानं पाणी शिंपडा. एप्रिल-मेमध्ये हे दर दोन-तीन दिवसांनी करावं लागतं.

बिघडलं तर

अमोनियाचा झणझणीत वास आला तर नायट्रोजन जास्त झाला आहे: दुप्पट पाला. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाशी हवा नाही: सगळं घमेल्यात ओता, गोळे फोडा, पाला कालवून परत भरा. ताटात काळं पाणी रोज साचत असेल तरीही उपाय पाल्याचाच. ते पाणी दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना घाला.

अळ्यांनी घाबरून औषध फवारू नका, कुजवणारे जीवही मरतील. पावसाळ्यात दिसणाऱ्या चपट्या, करड्या-तपकिरी, कडक पाठीच्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ती माशी चावत नाही, जेवणावर बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्यानं संपवतात. पांढऱ्या बारीक अळ्या म्हणजे वरचं आवरण पातळ पडलं आहे.

तयार झालं का?

पहिला डबा साधारण तीन आठवड्यांत भरतो. मग त्याला हात लावायचा नाही, फक्त आठवड्यातून एकदा ढवळायचं, आणि दुसरा सुरू करायचा. तिसरा भरेपर्यंत उन्हाळ्यात पहिलं खत तयार असतं. पावसाळ्यात आणखी महिना धरा आणि चौथा डबा हाताशी ठेवा.

तयार खत काळपट, मोकळं, पहिल्या पावसात मातीला येतो त्या वासाचं. खात्रीसाठी खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन दहा मेथीदाणे पेरा. चार-पाच दिवसांत आठ उगवले तर वापरा. कमी उगवले तर खत कच्चं आहे, दोन आठवडे थांबा. कच्चं खत मुळांशी कुजत राहतं आणि रोपं पिवळी पडतात, ही चूक फार सर्रास होते.

बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात. नवी कुंडी भरताना दोन भाग मातीला एक भाग खत. आपल्याकडची काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते, तिला तर हे हवंच. चाळणीत उरलेला जाड चोथा पुढच्या डब्यात विरजण म्हणून टाका.

ओला कचरा देणं थांबलं म्हणून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची महिन्याची फी मात्र थांबवू नका. दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, बाटल्या धुऊन-वाळवून त्यांनाच द्यायच्या आहेत. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, म्हणजे त्यांना ते हातानं उघडून बघावे लागत नाहीत.