लिस्बनचा बायशा पाहायचा असेल तर आधी अल्फामा चढा

लिस्बनला माझी मुलगी राहते. तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना शहर दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलंय. किल्लारीच्या भूकंपानंतर मी नव्या गावांचे नकाशे काढले होते, त्यामुळे माझी वाट जरा वेगळी आहे.

नदीकाठच्या मोठ्या चौकातून सुरुवात करू नका, सगळे तिथूनच करतात. सकाळी अल्फामाच्या टेकडीवर चढा. बोळ इतके अरुंद, की समोरच्या खिडकीतून वाटीभर साखर देता येईल. खालचा बायशा, म्हणजे नदीकाठचा सपाट मध्यवर्ती भाग, तोही पूर्वी असाच दाटीवाटीचा होता. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंप झाला. मग टेगस नदीतून लाट आत आली, आणि मग आग, ती कित्येक दिवस विझली नाही. अल्फामा बरंचसं टिकलं, कारण खाली खडक. बायशा गाळावर उभा होता, तो गेला.

आता खाली उतरा. चपला चांगल्या घाला, तिथली गुळगुळीत फरशी पावसात पाय टिकू देत नाही. रुआ ऑगस्टावर उभे राहा आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्या बघा. सगळं काटकोनात. मुख्य रस्ता 60 पाल्म, म्हणजे साधारण 13 मीटर, त्यातले दोन्ही कडेचे 10-10 पाल्म पायी चालणाऱ्यांचे. पाट्याही वाचत चला: सोनारांचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्याकडची तांबट आळी आठवते, फक्त इथे आळी आधी आखली आणि धंदे मागून बसवले.

हे आखायच्या आधी काय झालं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. मुख्य अभियंता मानुएल दा माया तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांनी पर्याय मांडले: होतं तसंच बांधा, रस्ते रुंद करा, मजले कमी करा, सगळं सपाट करून नव्याने आखा, नाहीतर शहरच पश्चिमेला बेलेमकडे न्या. राजाच्या मंत्र्याने, म्हणजे पुढे ज्याला पोम्बालचा मार्केस ही पदवी मिळाली त्याने, सपाट करणं निवडलं. आणि कुणाची जागा किती याची मोजणी होईपर्यंत बांधकाम बंद ठेवलं. पत्र्याच्या शेडमधली माणसं ‘साहेब, घर कधी?’ विचारतात, तेव्हा ‘आधी मोजणी’ म्हणणं किती जड जातं हे मी अनुभवलंय. पोम्बालला मात्र उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. तेवढी सोय आम्हाला नव्हती, आणि नव्हती तेच बरं.

खरी करामत भिंतीच्या आत आहे. तळमजला दगडी कमानींचा. त्यावर लाकडी सांगाडा, उभे-आडवे वासे आणि मधे फुल्या, पोकळीत दगड-विटांची भर आणि वरून गिलावा. याला ‘गायोला’ म्हणतात, पिंजरा. नमुना उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो हलतो का ते पाहिलं, असं सांगतात. बाहेरून काही दिसत नाही, पण दुरुस्ती केलेल्या एखाद्या दुकानात भिंतीचा तुकडा मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, बिनधास्त आत डोकवा. रुआ दुश कोर्रेएइरुशवर एका बँकेच्या इमारतीखाली गाळात ठोकलेले लाकडी खुंटही दाखवतात, आधी विचारून जा. किल्लारीत दगडमातीच्या भिंती जाडजूड होत्या, वर माळवदाचं ओझं. नुसती जाड भिंत काय कामाची, ती एकमेकीला बांधलेली हवी.

शेवटी कार्मूच्या चढावर या. तिथल्या चर्चचं छप्पर त्या भूकंपात कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. मागच्या गच्चीवरून बायशाची कौलं दिसतात, आणि दर दोन घरांमधे कौलांच्या वर आलेली भिंत, एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. चारनंतर जा. तेव्हा त्या भिंतींच्या सावल्या कौलांवर पडतात आणि घरं बोटावर मोजता येतात.