मूल दीर्घकाळ सांभाळताना: प्रतिपालकांसाठी कामाच्या गोष्टी

जन्मदात्यांपासून दूर झालेलं मूल आपल्या घरी सांभाळणारे ते प्रतिपालक. मूल घरी आल्यावर पहिले काही आठवडे बहुतेकदा शांत जातात. मूल सांगितलेलं ऐकतं, हट्ट करत नाही. यावरून ते रुळलं असं समजू नका. ते अंदाज घेत असतं. खोटं बोलणं, वस्तू फोडणं, ‘तुम्ही माझे कुणी नाही’ हे नंतर येतं. इथूनही आपल्याला काढतील का, हे ते तपासून पाहतं. म्हणून कितीही राग आला तरी ‘परत पाठवू’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

सगळ्यात अवघड असतो जन्मदात्यांच्या भेटीचा दिवस. कोण येणार, कुठे आणि किती वेळ, हे मोठ्या मुलाला काही दिवस आधी सांगा. अगदी लहानग्याला आदल्या दिवशी सांगितलेलं पुरे, कारण लांबलेली वाट पाहणं त्याला झेपत नाही. परतल्यावर दोन तास मोकळे ठेवा: पाहुणे नकोत, गृहपाठ नको, ‘काय काय झालं?’ अशी चौकशीही नको. त्या रात्री अंथरूण ओलं होऊ शकतं, तेव्हा गादीवर रबरी कापड आणि उशाशी जादा चादर असू द्या. याचा अर्थ भेट वाईट झाली असा नाही. ताटातूट पुन्हा ताजी झालेली असते, शिवाय तुमच्यावर माया केली तर आईशी बेइमानी होईल, ही धास्ती असते. तिच्याविषयी वाईट बोललात की ही धास्ती वाढते. आई आलीच नाही, तर तिच्या वतीने सबबी सांगू नका. ‘ती आज आली नाही. यात तुझी काही चूक नाही,’ एवढंच सांगा.

उपाशी राहिलेली मुलं उशीखाली, दप्तरात खाणं लपवतात. ही चोरी नव्हे. त्याच्या नावाचा एक डबा द्या, न नासणारा खाऊ भरा, रोज तपासा, रिकामा होऊ देऊ नका. खाण्याला कुलूप लावलंत तर लपवणं वाढेल.

रोज वही लिहा: तारीख, वेळ, आधी काय घडलं, मूल नेमकं काय बोललं, तुम्ही काय केलंत. स्वतःचं मत वेगळं नोंदवा. मुलाने अत्याचाराविषयी सांगितलं तर ऐका, पण उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका आणि त्याच दिवशी मुलाचं काम पाहणाऱ्या समाजकार्यकर्त्याला कळवा.

फोटोंमागे नाव, जागा, तारीख लिहून एका पेटीत ठेवा. मुलाने येताना आणलेलं खेळणं लगेच धुऊ नका. त्याला घरचा वास असतो.

सगळी कामं होताहेत पण मुलाबद्दल मनात काहीच उमटत नाही, असं झालं तर तो बहुधा थकवा असतो. त्याच आठवड्यात समाजकार्यकर्त्याकडे विसावा मागा, म्हणजे थोडे दिवस मुलाला दुसरं कुणी सांभाळेल. अगदी कोलमडेपर्यंत थांबू नका.

सुखाच्या खुणा छोट्या असतात, वहीत त्याही टिपा. पडल्यावर मूल तुमच्याकडे धावतं. बोलता बोलता ‘आपलं घर’ म्हणून जातं. डबा आठवडाभर भरलेलाच राहतो, कारण त्याकडे त्याचं लक्षच गेलेलं नसतं.