मजकूर नव्हे, वाट तपासा : मोबाइल आणि संगणक वापरताना या चुका टाळा

नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात. त्या परिसरात वाढलेल्या माणसाला मोठी नोट हातात आली की ती उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहण्याची सवय असते, कारण खरेखोटे ठरवण्याची खूण त्या कागदातच असते. मोबाइलवर आलेल्या संदेशात अशी खूण नसते. बोधचिन्ह, सही, शिक्का आणि आता माणसाचा आवाजसुद्धा हुबेहूब तयार करता येत असल्यामुळे मजकूर कितीही निरखला तरी तो कोणाचा आहे, हे कळत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका इथेच झाल्या आहेत. लोक मजकूर काळजीने वाचतात, पण तो कोणत्या वाटेने आला हे पाहायचे राहून जाते.

ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून फाइल उघडणे

पिंपळगाव बसवंतजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. अवकाळी पावसानंतर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुकसानभरपाईची यादी म्हणून एक फाइल आली. ती शेजारच्या मळ्यातल्या माणसाच्या नंबरवरून आलेली असल्याने मामांनी ती उघडली. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नव्हे, तर एपीके ही अक्षरे होती, म्हणजे ती यादी नसून अँड्रॉइड फोनवर बसणारे अ‍ॅप होते. त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, मामांनी ती दिली, आणि त्या क्षणापासून बँकेचा प्रत्येक ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे जाऊ लागला. शेजाऱ्याने ती फाइल पाठवलीच नव्हती. त्याच्या फोनमध्ये आधीच शिरलेल्या अ‍ॅपने ती परस्पर पुढे ढकलली होती. मामा निष्काळजी नाहीत. सोसायटीचा हप्ता त्यांनी कधी चुकवलेला नाही. त्यांची चूक एवढीच की त्यांनी नंबर आणि माणूस एकच धरला.

अशी फाइल उघडली गेली असेल, तर फोन लगेच विमान मोडवर टाकावा, वायफायही बंद झाल्याची खात्री करावी आणि पुढची कामे घरातल्या दुसऱ्या फोनवरून करावीत. बँकेला कळवून कार्ड, नेटबँकिंग व यूपीआय थांबवून घ्यावे आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून शेवटी काढून घेतली जाते. १९३० वरची तक्रार त्या साखळीतल्या बँकांपर्यंत पोचते आणि पैसे ज्या खात्यात अजून शिल्लक असतील तिथे ते अडवता येतात. म्हणूनच ‘मुलगा संध्याकाळी कामावरून आला की पाहू’ असे म्हणण्याने फार मोठे नुकसान होते. शिवाय ग्राहकाच्या हलगर्जीने पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेने सोसायचा, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलेले आहे. तक्रारीची वेळ त्यामुळेही महत्त्वाची ठरते.

त्यानंतर फोनकडे वळावे. फाइलचे नाव, संदेश आणि वेळ यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवावेत, कारण फॅक्टरी रीसेट केल्यावर पुरावा उरत नाही. अ‍ॅप काढता येत नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन त्याला दिलेली अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन ही परवानगी आधी काढावी. तरीही ते हटत नसेल, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून पाहावे. फोन स्वच्छ झाल्यावर ##००२# डायल करून कॉल इतरत्र वळवलेले असल्यास ते रद्द करावेत आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अनोळखी उपकरण जोडलेले नाही ना, तेही पाहावे.

ईमेलवरून खातेक्रमांक बदलून घेणे

द्राक्षे किंवा यंत्रांचे सुटे भाग बाहेरदेशी पाठवणाऱ्यांना हा धोका सर्वात जास्त आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. चोर कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरून कित्येक दिवस नुसते वाचत राहतो, कंटेनर कधी निघाला आणि बिल कधी देय आहे हे जाणून घेतो, आणि नेमक्या दिवशी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल पाठवतो. संदर्भ, भाषा आणि रक्कम सारे बरोबर असते. अशा वेळी मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करणे व्यर्थ आहे. गेल्या हंगामाच्या कागदांवर असलेला नंबर स्वतः लावून विचारावे. संशय आल्यास पासवर्ड बदलून थांबू नये. येणारे मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा एखादा नियम मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये घालून ठेवलेला असतो, तो शोधून काढावा.

आवाजाची नक्कल करून पैसे मागणाऱ्या फोनलाही हाच उपाय लागू पडतो: फोन ठेवावा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरवर उलटा फोन करावा. पोलिस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर धाक दाखवणारे ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे म्हणतात. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, तेव्हा तिथे बोलत राहण्याचेही कारण नाही.

बॅकअपची डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवणे

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या अनेक कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या, मशीनशेजारी विंडोज ७ चा संगणक आजही चालू असतो. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, आणि विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीनचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नसेल, तर मालकाला ‘संगणक बदला’ असे सांगणे मला न्याय्य वाटत नाही. त्याऐवजी तो संगणक इंटरनेटपासून आणि ऑफिसच्या जाळ्यापासून पूर्ण तोडावा. बॅकअपची डिस्क मात्र काम संपताच काढून कपाटात ठेवावी, कारण खंडणी मागणारे सॉफ्टवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही कुलूपबंद करते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या अशाच घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. आपली द्राक्षे ज्या बंदरातून जातात, तिथलीच ही घटना आहे. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तीन महिन्यांतून एकदा हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

नव्या तंत्रज्ञानापैकी, आजची सांकेतिक कुलपे पुढे फोडू शकेल अशा क्वांटम संगणकाची धास्ती सामान्य वापरकर्त्याने घेऊ नये. त्याला तोंड देणारी पहिली मानके अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत, आणि ती अपडेटमधूनच आपल्यापर्यंत येतील. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच ठेवलेली आणि बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी डिजिटल किल्ली, मात्र आजच सुरू करावी. ती ज्या संकेतस्थळासाठी तयार होते त्याच पत्त्यावर चालते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर माणूस फसला, तरी पासकी उघडत नाही. वाट तपासण्याचे काम इथे फोनच करतो.

मामांच्या फोनमध्ये अनोळखी स्रोतांवरून अ‍ॅप घेण्याची परवानगी आम्ही बंद केली आहे. आता ग्रुपवर यादी आली की ती उघडण्याआधी ते तलाठी कार्यालयात फोन लावतात.