कारस्थानी सरदार पहिल्याच रविवारी उघडा पडतो? डाव चालवताना या चुका टाळा

टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका वठवायच्या खेळातला माझा पहिला कारस्थानी सरदार अकरा मिनिटं टिकला. नाव भद्रसेन, अभ्रगडच्या राजाचा चुलतभाऊ, मनात गादीची हाव. मी आवाज घोगरा केला, मिशीवरून बोट फिरवलं, म्हटलं, "महाराज, आपल्या प्रकृतीची काळजी वाटते." समोर सहा जण बसले होते. त्यातला एक गुजराती मित्र फाफडा खातखात म्हणाला, "आ तो पाक्को चोर छे," आणि डाव तिथेच संपला. पुढचे तीन महिने कोणीही भद्रसेनाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायलं नाही.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी हा खेळ चालतो. मोठा नकाशा, प्रत्येकाकडे एकेक घराणं, फौज, खजिना, आणि दरबारातली बाकी सगळी माणसं गेम मास्टर म्हणून मी चालवतो. त्या अकरा मिनिटांनंतर भद्रसेनाला मी तीन वेळा नव्याने घडवलं. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

लक्षण: सगळ्यांना तो आल्याआल्याच खलनायक वाटतो

कारण सोपं आहे. त्याला संशयाखेरीज दुसरं काही कामच दिलेलं नसतं. दरबारात बाकीचे सरदार धान्य, पूल, सीमा यांबद्दल बोलतात आणि हा एकटाच गूढ बोलतो. मग कळणारच. त्याला खरोखर उपयोगी करा. माझा दुसरा भद्रसेन राज्यातला सर्वांत चोख वसुली करणारा होता. दुष्काळात त्यानेच आपली कोठारं उघडली. खेळाडूंना त्याची गरज पडू लागली, त्याचे उपकार अंगावर चढू लागले. संशय आला तरी बोलायची चोरी! आणि तो शंभरात नव्वद वेळा खरं बोलतो, हे पथ्य पाळा. खोटं त्याने महागाच्या वस्तूसारखं जपून वापरावं.

लक्षण: "त्याला राज्य हवंय" यापलीकडे तुम्हालाच काही सांगता येत नाही

राज्य कोणाला नको असतं? त्याच्या आणि गादीच्या मध्ये नेमकं कोण उभं आहे आणि किती दिवस उभं राहणार, हे ठरवा. बडोद्यात राहणाऱ्याला यासाठी कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. मल्हारराव गायकवाड भावाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून १८६३ पासून बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत होते. २८ नोव्हेंबर १८७० ला खंडेराव महाराज वारले, मुलगा नव्हता, आणि कैदेतला भाऊ गादीवर आला. पण राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर मल्हाररावांनी पायउतार व्हायचं, असं ठरलेलं. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई, आणि गादी राहिली.

त्या सात-आठ महिन्यांचा विचार करा. गादीवर बसलेला माणूस, आणि त्याचं भवितव्य एका बाळंतपणावर. दरबारातल्या प्रत्येकाने त्या काळात कोणाला मुजरा किती खाली वाकून केला असेल? खेळात हेच हवं: तारीख असलेली, माहीत नसलेल्या निकालाची वाट. मी भद्रसेनाला असंच बांधलं. राजाची धाकटी राणी गरोदर, नकाशाशेजारी भिंतीवर नऊ खुणा, दर सेशनला एक पुसायची. त्या खुणा कशाच्या, हे मी खेळाडूंना सांगितलं नाही. पाचव्या रविवारी त्यांनीच ओळखलं आणि ते राणीच्या महालावर पहारा वाढवायला धावले. भद्रसेनही तेच करत होता, हे विशेष.

लक्षण: शेवटी गुपित फुटतं तेव्हा खेळाडू म्हणतात, "हे आम्हाला कसं कळणार होतं?"

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि हुशार गेम मास्टर हमखास करतात. कट फक्त तुमच्या वहीत असतो. पाच महिन्यांनी तुम्ही तो उलगडता, तुम्हाला वाटतं टाळ्या पडतील, आणि समोरच्यांना फसवल्यासारखं होतं. कट हा माणसांकडून करवून घ्यावा लागतो. सरदार स्वतः विष कालवायला जात नाही. त्याला खानसामा लागतो, चिठ्ठी नेणारा लागतो, पैसे देणारा कारकून लागतो. यातला प्रत्येकजण खेळाडूंना भेटलेला असला पाहिजे.

पुन्हा बडोद्याचंच उदाहरण घेतो. ९ नोव्हेंबर १८७४ ला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेयर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचं फेकलं आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे चौकशीत कोण आले पाहा: रेसिडेन्सीतला हवालदार रावजी, जमादार नरसू, आया अमीना, बटलर पेद्रो, आणि महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत. रावजीच्या पट्ट्यात पुडी सापडली. राजवाड्यातल्या माणसाचं नाव येईपर्यंत साक्षी नोकरांच्याच चालल्या होत्या.

तर गुपिताला पाय असतात, आणि ते पाय नोकरांचे असतात. माझा नियम: कटाच्या प्रत्येक टप्प्याला एक माणूस, एक वस्तू आणि एक खर्च. यातलं किमान एक खेळाडूंच्या डोळ्यांसमोरून जायलाच हवं, पण दुसऱ्याच निमित्ताने. भद्रसेनाचा निरोप्या मी चार सेशन आधी घोड्याच्या नालेवरून हुज्जत घालताना दाखवला होता. सगळे हसले. नंतर त्याचाच घोडा वर्ज्य खिंडीत दिसला तेव्हा एकजण वही मागे उलटू लागला. टाळ्यांपेक्षा तो वही उलटण्याचा आवाज मला जास्त आवडतो.

लक्षण: एका फाशात सगळं बाहेर येतं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत इनसाइटचा (मन ओळखण्याचा) फासा समोरच्याच्या डिसेप्शनविरुद्ध (फसवण्याच्या कौशल्याविरुद्ध) पडतो. खेळाडूला वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की तो तुमच्याकडे बघतो: सांगा आता, हा काय लपवतोय? इथे घाबरून "काहीच नाही" म्हणू नका, तो अन्याय आहे. आणि सगळा कटही ओतू नका. फासा मन उघडत नाही, चेहरा उघडतो. "कोठाराचा विषय निघाल्यावर त्याने पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही." एवढं द्या. पुढचं त्यांनी शोधावं.

लक्षण: सरदाराकडे फौज कुठून आली, हे विचारलं की तुम्ही खोकता

हा मार मी खाल्ला आहे. तिसऱ्या भद्रसेनाने ऐन वेळी ६०० स्वार बाहेर काढले. आमच्यातला एकजण पोटापाण्यासाठी हिशेब तपासतो. त्याने पेन्सिल घेतली: स्वाराला महिना तीन मोहरा, म्हणजे १,८०० महिन्याला, २१,६०० वर्षाला. भद्रसेनाच्या जहागिरीचं उत्पन्न ९,०००. "बाकीचे कुठून? तुझ्या खिशातून?" दीड तास वाद झाला, सेव-उसळ थंड झाली, सेशन रद्द.

स्ट्रॅटेजीच्या खेळात खेळाडू मोहरान् मोहर मोजतात, मग कारस्थान्याला फुकटात कसं द्यायचं? त्याची खतावणी ठेवा, खेळाडूंसारखीच. पैसा कमी पडला की तो कर्ज काढेल, सावकाराच्या पेढीवर दिसेल, बायकोचे दागिने गहाण टाकेल. आयते धागे मिळतात. चौथ्या वेळी भद्रसेन पकडला गेला तो एका हुंडीमुळे, आणि ती हुंडी मी कथेसाठी घातलेलीच नव्हती. खतावणीत तूट आली म्हणून लिहावी लागली.

लक्षण: एखादा खेळाडूच कारस्थानी, आणि बाकीचे मोबाईल बघतायत

दोघं स्वयंपाकघरात कुजबुजतात, पाच जण बाहेर ओट्यावर. गुप्त बोलणं असेल तर ते आठवड्यात मेसेजवर उरकावं, टेबलावर फक्त चिठ्ठी, तीही एका ओळीची. आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच सर्वांना विचारून घ्या की आपापसातली दगाबाजी चालेल का. आमच्याकडे एक ताई स्पष्ट म्हणाल्या, "मला ऑफिसात ते पुरेसं मिळतं." त्या मोहिमेत दगाबाजी ठेवली नाही. विषय संपला.

लक्षण: तो लवकर पकडला गेला आणि तुम्ही त्याला वाचवायला बघताय

वाचवू नका. गुप्त दरवाजा, जुळा भाऊ, जादूचा धूर, हे खेळाडूंच्या कष्टांवर पाणी टाकणं आहे. पकडल्यानंतरच राजकारण रंगतं. फेयर यांना विष घालवल्याचा आरोप मल्हाररावांवर आला, आणि त्याच्या चौकशी आयोगावर सहा जण होते. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तसं वाटलं नाही. आणखी एक अडचण होती. विषाच्या आठवडाभर आधीच, २ नोव्हेंबरला, मल्हाररावांनी फेयर यांना हलवावं म्हणून व्हाइसरॉयना खलिता लिहिला होता. खलिता गेलेला असताना विष कशाला? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते गैरकारभाराचं कारण देऊन, आणि मद्रासला पाठवलं.

चौथ्या भद्रसेनाचा खटला मी तसाच चालवला. सहाही खेळाडूंना पंच केलं, हुंडी समोर ठेवली, आणि त्याची बाजू मांडायला दुष्काळात कोठारं उघडली त्या गावचा पाटील आणला. रात्रीचे साडेअकरा झाले, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा बेल वाजवली. मतं पडली तीन-तीन. भद्रसेन आता दक्षिणेकडच्या एका किल्ल्यात नजरकैदेत आहे. महिना १५० मोहरा तनखा दरबाराच्या खजिन्यातून जातो, आणि आमचा हिशेबवाला दर रविवारी त्या रकमेखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढतो.